दुभाष्याचा मी

सुरुवात एका हसण्याने झाली. दुभाषी सकाळी दाढी करत होता, एका गालावर साबण तसाच होता, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी बाई खळखळून हसली. त्याला आधी वाटलं, शेजारचं कोणी आलं असेल. घरात त्याच्याखेरीज बायको तेवढी होती, आणि हे हसणं बायकोचं नव्हतं. बायको हसायची ती तोंडावर हात धरून, भर सभेत खोकला दाबावा तशी. हे हसणं पोटातून उठत होतं, मध्येच दम लागून थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. तो साबणासकट आत गेला. बायको ओट्यापाशी एकटीच उभी होती. तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्या एवढ्याशा पडद्यावर तीन-चार परकी तोंडं दाटीवाटीने दिसत होती. त्यांतल्या एका दाढीवाल्याने डोक्यावर पातेलं उपडं घातलं होतं. बायको त्याला इंग्रजीतून काहीतरी सुनावत होती. मोडकंतोडकं, क्रियापदाचा पत्ता नाही, पण बेधडक. मग तिला दारात दुभाषी दिसला आणि तिचं तोंड मिटलं. लॉजवरची माणसं, असं म्हणून तिने फोन पालथा घातला आणि विचारलं, चहा टाकू का. वस्तऱ्यावर त्याचा हात इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. त्या दिवशी हनुवटीखाली कापलं.

एवढ्या तेवढ्या हसण्याचं कोणी इतकं मनाला लावून घेत नाही. पण दुभाष्याचा जन्म ऐकण्यात गेला होता. त्याने हयातभर कोर्टात दुभाष्याचं काम केलं, आणि त्या कामाचा एक नियम आहे, तो नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतो. दुभाषी 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं कधी म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. आरोपीने सांगितलं, मी तिचा गळा दाबला, की दुभाष्याने न्यायाधीशाकडे बघत, दुसऱ्या भाषेत, तसंच सांगायचं, मी तिचा गळा दाबला. न्यायाधीश म्हणाले, मी तुला जन्मठेप देतो, की वळून त्या माणसाच्या डोळ्यांत बघत, मी तुला जन्मठेप देतो. आपलं मत नाही, आपला राग नाही, आपला मी नाही. दुभाष्याला या गोष्टीचा भारी अभिमान होता. वकील मंडळी म्हणायची, याच्या तोंडून शब्द निघाला म्हणजे तो दगडावर कोरलेला. निवृत्तीच्या दिवशी त्याला एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. अभिमान चालू राहिला.

लग्न नवं होतं तेव्हा तो संध्याकाळी घरी आला की बायको हातातली पिशवी घेता घेता विचारायची, "आज कोण होतात?" त्या दोघांचा तो खेळच झाला होता. तो सांगायचा, आज सायकलचोर होतो. आज सासूने छळलेली सून होतो. आज भावाच्या जमिनीवर कुंपण सरकवणारा थोरला भाऊ होतो, आणि खोटं बोलत होतो. ती हसायची. तेव्हाही ती पोटातूनच हसत असेल का? त्याला नीट आठवेना. एकदा तो म्हणाला, आज सात वर्षांची मुलगी होतो. त्यावर ती ताट वाढून त्याच्या शेजारी बसली आणि तो जेवेपर्यंत तिचा हात त्याच्या पाठीवर होता. पुढे त्याचं नाव झालं, मोठे खटले मिळू लागले, आणि एका संध्याकाळी तो फटकन म्हणाला, कोर्टातलं घरी बोलायचं नसतं, कितीदा सांगायचं. खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं. तिने आणखी दोन-चार दिवस सवयीने विचारलं, मग नुसतीच पिशवी घेऊ लागली. आणि एक दिवस तिने पिशवी घेणंही सोडलं. ते त्याच्या लक्षात यायलाच कितीतरी दिवस गेले.

इंग्रजीचंही असंच. मुलगी लहान होती, शाळेत पालकांना बोलावलं होतं. मुख्याध्यापिकेशी बोलायचं म्हणून बायकोने दोन दिवस एक वाक्य पाठ केलं होतं, कणीक मळताना, केस विंचरताना, पुटपुटत. तिथे गेल्यावर तिने ते म्हटलं. दुभाषी लगेच म्हणाला, काळ चुकला, आणि बरोबर वाक्य म्हणून दाखवलं. मुख्याध्यापिका गोड हसल्या. मुलगी बुटांकडे बघत राहिली. परतताना बायको म्हणाली, बरं झालं तुम्ही होतात, आणि त्यानंतर त्याच्यासमोर तिच्या तोंडून इंग्रजीचा शब्द निघाला नाही. त्याला वाटलं, तिला भाषेची गोडीच नाही. आणि आता तीच बाई साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये, काळाची आणि वचनाची माती करत, एका दाढीवाल्याला पोटभर हसवत होती.

डोंगरातल्या त्या लॉजवर तिला पहिल्यांदा पाठवलं ते मुलीने. बायकोचं ऑपरेशन झालं होतं, हवापालट हवा होता, आणि मुलीने दूरच्या आपल्या घरातून फोनवर सगळं ठरवून टाकलं. देशोदेशीचे, डोंगरात पायी चालणारे लोक तिथे उतरतात. जो रोज थोडं काम करेल त्याला झोपायला खाट आणि दोन वेळचं जेवण फुकट. दुभाष्याने तेव्हा यथेच्छ टर उडवली होती. म्हणजे घरची भांडी टाकून जगाची घासायला जायचं, आणि तेही तिकीट काढून! बायको गेली, पंधरा दिवसांनी रापून आली, आणि पुढच्या वर्षी कोणी न सांगता पुन्हा गेली. मग दरवर्षी. तो त्या दिवसांत पाव खायचा, कपडे धोब्याकडे द्यायचा आणि आपण किती समंजस आहोत हे स्वतःला सांगायचा. हसणं ऐकलं त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, या वर्षी मीही येतो. बायकोचा घास हातात राहिला. "अहो, तिथे काम करावं लागतं," ती म्हणाली. करीन की, तो म्हणाला. तिने 'बरं' म्हटलं. 'या ना' म्हणाली असती तर कदाचित तो गेलाही नसता.

ते पोचले तेव्हा संध्याकाळ उतरली होती, म्हणून त्याने लॉज पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच. रस्ता संपतो तिथे ती दगडी इमारत होती, आणि तिच्यामागे नुसता डोंगर, इतका जवळ की खिडकीत आकाश मावत नव्हतं. आत ओल्या लोकरीचा, धुराचा आणि कांद्याचा वास. स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी फळीवर एप्रनच्या खुंट्या होत्या. इथे कोणाची लिपी कोणाला येत नाही, म्हणून खुंटीवर नाव लिहीत नाहीत, चित्र काढतात. जो दरवर्षी येतो त्याला त्याचं चित्र मिळतं, छोट्या पत्र्यावर रंगवलेलं, स्क्रूने बसवलेलं. दाढीवाल्याच्या खुंटीवर मासा होता. बायकोच्या खुंटीवर पळी होती, आणि पळीच्या खोलगट भागात कोणीतरी दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. दुभाष्याला शेवटची खुंटी मिळाली. तिच्यावर काही नव्हतं. सगळी माणसं बायकोला मावशी म्हणत होती. तिनेच शिकवलं असणार. कोणी 'माव-शी' म्हणे, कोणी 'माऊसी', कोणाला 'शी' एवढंच जमे. आणि तो होता मावशीचा माणूस. जिथे तिथे त्याची ओळख तेवढीच करून देत होते, आणि जो तो त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबत होता, जणू या माणसाने काहीतरी मोठं पुण्य केलं असावं.

त्याच्या वाट्याला बुटांची खोली आली. चिखलाचे बूट झटकायचे, आतले ओले मोजे काढून दोरीवर टाकायचे, बुटांत जुने कागद कोंबायचे. शेजारी भट्टी होती, आणि उबेने त्या मोज्यांना असा काही वास सुटला होता की भल्याभल्यांना दिवसा तारे दिसले असते. दुभाष्याने ते काम नेटाने केलं. कोर्टातही कधी त्याने प्रकरण वासावरून नाकारलं नव्हतं. पण त्याचे कान भिंतीपलीकडे होते. पलीकडे स्वयंपाकघर होतं. बटाटे पातेल्यात पडल्याचे आवाज येत होते, सुरी फळीवर चालत होती, आणि मध्येच बायकोचा आवाज, भरलेला, हुकमी. दाढीवाल्याला ती दटावत होती. मग ते हसणं आलं. इतकं जवळून की त्याच्या हातातला बूट तसाच राहिला. तो मोज्यांची टोपली उचलून उठला, स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि उभा राहिला. हसणं थांबलं. बायकोने खाली बघून बटाट्याचं साल काढायला घेतलं. काही हवंय का तुम्हाला, तिने विचारलं. काही नको, तो म्हणाला. परत जाऊन तो बुटांशी बसला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे पुन्हा कुजबुज सुरू झाली, पुन्हा सुरी चालली, पुन्हा हसणं फुटलं, आणि तो पुन्हा उठला. या वेळी टोपलीही घेतली नाही. दारात गेला, आणि पुन्हा थांबलं. दिव्याचं बटण दाबून बघावं तसं त्याने सकाळभरात हे तीनदा करून पाहिलं. बटण नीट चालत होतं. त्यात त्याला जे समाधान वाटलं त्याची त्याला लाज वाटायला हवी होती, आणि किंचित वाटलीही, पण समाधान जास्त होतं.

दुपारी मोठ्या टेबलाभोवती सगळे सूप आणि पाव खायला बसले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बायको त्याच्या शेजारी बसली आहे आणि एकाशीही बोलत नाही. लोक तिला हाका मारत होते. ती मान हलवत होती, हात पुसत होती, त्याच्याकडे बघत होती. पलीकडच्या एका पोरीने तिला काहीतरी विचारलं, तेव्हा बायकोने ओठ उघडले, आणि उघडून मिटले. तो शेजारी होता ना. चूक झाली असती. त्याला एकदम शाळेतली ती खोली आठवली, मुलीचे बूट आठवले. क्षणभर त्याला वाटलं, उठावं, फिरायला जातो म्हणून सांगावं, डोंगर बघत दोन तास बाहेर काढावे. तेवढं केलं असतं तरी पुष्कळ होतं. पण सूप गरम होतं, आणि बायको शेजारी बसली होती, किती दिवसांनी इतकी जवळ.

जेवण झाल्यावर लॉजवाली आली. लॉज चालवणारी ही बाई उंच, रुंद खांद्यांची, करडे केस बारीक कापलेली, एका गुडघ्यात लंगडणारी. तिने दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. दाढीवाला मोरीशी भांडी विसळत होता, तो आत राहिला, पण त्याने नळ बंद केला. लॉजवालीने एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि दुभाष्याला इंग्रजीत म्हणाली की तुम्ही आलात हे किती चांगलं झालं. मावशी कशालाही हो हो म्हणते, आणि आज मला जे सांगायचं आहे ते तिला नीट, पूर्ण कळायला हवं. तुमचं कामच हे होतं ना? दुभाषी म्हणाला, होय. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. तो दोघींच्या मधे, जरा मागे उभा राहिला, कोर्टात राहायचा तसा.

मग लॉजवाली बोलू लागली. बायकोला शब्द पकडता येऊ नयेत इतकं ती भराभर बोलत होती, आवाज दाटून येत होता, डोळे बायकोवर होते. मला तू इथे हवी आहेस, ती म्हणाली. पंधरा दिवस नाही. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत, सबंध हंगाम. स्वयंपाकघर तुझं. चुलीच्या वरची ती खोली तुझी, धुराड्यामुळे ती कायम उबदार असते. तू जातेस ना, तेव्हा या घराची चव जाते, मला रात्री जेवावंसं वाटत नाही. मी हे कोणाला सहसा सांगत नाही. मी तुझी वाट बघते. आणि तुझ्या माणसालाही इथे जागा आहे, त्याला यायचं असेल तर.

ती थांबली. आता त्याची पाळी होती. बायको लॉजवालीकडे बघतच नव्हती. ती दुभाष्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात भीती होती आणि आशाही होती. पिंजऱ्यात उभे असलेले लोक निकालाच्या वेळी त्याच्याकडे असंच बघायचे. नियम त्याला पाठ होता. त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. मला तू हवी आहेस. तू जातेस तेव्हा मला जेवावंसं वाटत नाही. मी तुझी वाट बघतो. हे सगळं त्याला आपल्या बायकोच्या डोळ्यांत बघत, आपल्या भाषेत, 'मी' म्हणून म्हणायचं होतं. त्याने खुनी माणसाचा मी म्हटला होता. सात वर्षांच्या मुलीचा मी म्हटला होता. हा मी त्याच्या जिभेवर येईना. उभ्या जन्मात त्याने जे बायकोला एकदा म्हटलं नव्हतं ते या परक्या, लंगड्या बाईने भांड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून म्हणून टाकलं होतं, आणि वर त्यानेच ते पोचवावं अशी तिची अपेक्षा होती. 'त्याला यायचं असेल तर.' त्याच्या कानात ते शेवटचे शब्द राहिले. टेबलावर उरलेला पाव जसा कोणाला तरी देऊन टाकतात. त्याला इतका राग आला, इतका एकटेपणा आला, की तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा, सपाट निघाला.

"मी बघते आहे, तुझं आता होत नाही," तो बायकोला म्हणाला. "इथे तरुण माणसं लागतात. तू पुष्कळ केलंस. पण पुढच्या वर्षापासून तू येऊ नकोस. स्वयंपाकघरात तुझी अडचण होते."

बायकोच्या चेहऱ्यावर आधी काहीच झालं नाही. मग कान लाल झाले. "अडचण?" तिने हळू विचारलं. "असंच म्हणाली?"

"तोच शब्द," दुभाषी म्हणाला.

तिने ओट्यावरच्या बटाट्याच्या सालांकडे बघितलं आणि ती हाताने गोळा करायला घेतली, जणू निघण्याआधी एवढं आवरून जायला हवं. मग ती म्हणाली, तिला सांगा मला कळलं. सांगा, इतकी वर्षं ठेवून घेतलंत, मी विसरणार नाही. माझ्याकडून कुणाला त्रास झाला असेल तर म्हणावं, मनात ठेवू नका. हे तिने मराठीतच, दुभाष्याला सांगितलं. वर मान केली नाही. दुभाषी लॉजवालीकडे वळला. आता मागे फिरता आलं असतं. अजूनही आलं असतं. पण एकदा तोंड उघडलं की वाक्य पुरं करायचं ही त्याची जन्माची सवय, आणि दुसऱ्याचा मी पहिल्यांदाच असा मोकळा, रिकामा त्याच्या हाती लागला होता. तुम्ही मला एवढं प्रेम दिलंत, तो बायकोला न पेलणाऱ्या कोर्टातल्या इंग्रजीत म्हणाला, काळ अचूक, वचन अचूक. पण मला राहता येणार नाही. माझं घर आहे. मला माझ्या नवऱ्याशिवाय करमत नाही. मला त्याच्याजवळच राहायचं आहे. हे म्हणताना त्याचा आवाज हलला. हयातीत पहिल्यांदा दुभाष्याचा आवाज हलला, आणि त्यामुळेच लॉजवालीला ते खरं वाटलं.

तिचे डोळे भरले. तिने पुढे होऊन बायकोला मिठी मारली. बायको फळीसारखी ताठ उभी राहिली. ज्या बाईने घराबाहेर काढलं तिनेच वर रडावं हे तिला उमगेना. मग, रीत म्हणून, तिने लॉजवालीच्या पाठीवर दोनदा थोपटलं. दाढीवाला बाहेर गेला. दारातून दिसत होतं, तो खुंट्यांच्या फळीशी वाकून स्क्रू काढत होता. त्याने पळीचा पत्रा मोकळा केला, शर्टाच्या बाहीने पुसला, एप्रनची घडी घालून त्यात ठेवला आणि ते सगळं दोन्ही हातांनी बायकोपुढे धरलं. त्याला म्हणायचं होतं, हे तुझं, हे घेऊन जा, आम्हाला विसरू नकोस. बायकोला दिसलं ते एवढंच, की तिची खुंटी लगोलग रिकामी केली. तिने घडी घेतली आणि मान खाली घालून 'थँक्यू' म्हणाली. त्या दिवसात दुभाष्यासमोर तिने म्हटलेला तो एकच इंग्रजी शब्द. मग एकेक जण आला. ती पोर आली, चालणारे लोक आले, कोणी गालाला गाल लावला, कोणी हात धरून उभं राहिलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुतक. बायको प्रत्येकाला मान लववत होती. इतक्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, असं तिला वाटत असणार. दुभाष्याला ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तो बॅगा भरत होता. पंधरा दिवसांसाठी आणलेले कपडे तसेच घडीचे होते, त्यामुळे वेळ लागला नाही. आजच निघू या, हे तिनेच म्हटलं होतं.

संध्याकाळच्या बसमध्ये माणसं फारशी नव्हती. बायको खिडकीशी बसली, एप्रनची घडी मांडीवर. वळणावळणाने लॉज दिसे आणि जाई, आणि प्रत्येक वेळी ती दुसरीकडे बघे. फोन वाजला. पडद्यावर दाढीवाल्याचं पातेलं घातलेलं डोकं आलं. तिने ते वाजू दिलं, मग बंद केलं आणि फोन त्याच्या हातात दिला. "तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "आणि पुन्हा आलाच तर तुम्हीच बोला. मला नाही जमायचं." त्याने फोन खिशात टाकला. तो छातीशी आणखी दोनदा थरथरला आणि मग गप्प झाला.

ती बराच वेळ रडली, आवाज न करता, पोटातून. तिचं हसणंही तिथूनच यायचं, हे त्याला कळलं. डोंगर मागे पडला, सपाटीवरची दुकानं, दिवे लागायला सुरुवात झाली, तेव्हा तिने डोळे पुसले आणि डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं. किती वर्षांनी, हे त्याला मोजता आलं नसतं. बरं झालं तुम्ही होतात, ती म्हणाली, शाळेतून परतताना म्हणाली होती अगदी तशीच. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मेलेच असते मी. तुमचासुद्धा आवाज हलला होता शेवटी. मी ऐकलं. इतकं वाईट वाटलं तुम्हाला माझ्यासाठी?

तिने त्याचा हात शोधून घेतला. तिच्या बोटांना अजून कच्च्या बटाट्याचा वास होता. मग, दमलेली माणसं हसतात तसं किंचित हसून, तिने विचारलं, "आज कोण होतात?"

प्रश्न इतक्या दिवसांनी आला होता की त्याला तो आधी ओळखूच आला नाही. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, वाट बघत, पूर्वी पिशवी हातात घेऊन बघायची तशी. खोटं बोलायचं आता त्याच्यात त्राण नव्हतं.

"आज मीच होतो," दुभाषी म्हणाला.

बायकोने ते ऐकलं, त्याचा हात घट्ट धरला आणि पुन्हा डोकं टेकलं. एवढं चांगलं तिला तो कधीच काही बोलला नव्हता.